तुम्ही विचारलंत म्हणून : पहिल्या कथासंग्रहाच्या आधी

‘दहा-बारा कथा तयार आहेत, पुस्तक काढायचंय, कुठल्या प्रकाशकाकडे जाऊ?’ हा प्रश्न वर्षभर येत असतो, दिवाळीनंतर जरा जास्तच. माझं उत्तर विचारणाऱ्याला सहसा आवडत नाही. आत्ता कुठल्याच प्रकाशकाकडे जाऊ नका. नव्या लेखकाचा संग्रह हातात आला की प्रकाशक आधी बघतो, यातल्या कथा कुठे कुठे छापून आल्यात. चार-पाच बऱ्या अंकांत आलेल्या असल्या, तर चाळणी एकदा लागून गेलीय एवढं त्याला कळतं. एकही आलेली नसेल, तर पहिली चाळणी त्यालाच लावावी लागते आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

म्हणजे आधी अंक. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीलाच बांधलेलं आहे. अंक स्टॉलवर दिसतो ऑक्टोबरच्या सुमाराला, पण साहित्य मागवलं जातं जून-जुलैत. ऑगस्ट सरेपर्यंत बहुतेक पानं ठरलेली असतात आणि पुढे संपादक जाहिरातींच्या मागे असतो. गणपतीत पाठवलेली कथा चांगली असूनही परत येते, ती यामुळे. मे अखेरीस पाठवलेली निदान शांतपणे वाचली जाते. पाठवण्याआधी त्या अंकाची मागची दोन वर्षं तरी चाळा. सार्वजनिक वाचनालयात ती मिळतात.

एक कथा एका वेळी एकाच अंकाला. दोघांनी एकाच दिवाळीत छापली, तर दोन्ही संपादकांच्या तुम्ही लक्षात राहता, आणि तसं लक्षात राहून काही मिळत नाही. फेसबुकवर टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशितच धरतात. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर एक मेल करा. त्यालाही उत्तर नसेल, तर कथा मागे घेतोय असं कळवून पुढचा अंक बघा. मानधनाचं आधीच विचारायला संकोच करू नका. कुठे मिळतं, कुठे नुसता अंक पोस्टाने येतो.

आता कथेबद्दल. नकार बहुधा पहिल्या दोन पानांतच ठरतो. गजर वाजतो, चहा होतो, खिडकीबाहेर पाऊस असतो आणि दुसऱ्या परिच्छेदात नायकाचं बालपण सुरू होतं. पात्राचं काहीतरी बिनसतं किंवा बदलतं ते तिसऱ्या पानावर. कथा तिथून सुरू करा. आधीचं जे कापलं जाईल, त्यातल्या चार-पाच ओळींचीच पुढे खरी गरज पडते, आणि त्या आपोआप जागा शोधतात. साडेचार हजार शब्दांचा पहिला खर्डा तीन हजारांवर आला, तर बहुतेकदा कथेचं काहीच बिघडत नाही. कापाकापीआधी तीन आठवडे तरी तिच्याकडे बघू नका. मग कागदावर छापून, मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते, तिथे वाक्य वाकडं असतं.

संवादांत दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली बोलीची. ‘आवं, काय करून ऱ्हायले तुमी?’ असं वाक्य मालिकांमुळे कानाला खटकत नाही, पण त्यातलं ‘आवं’ पश्चिम महाराष्ट्रातलं आणि ‘करून ऱ्हायले’ वऱ्हाडातलं. ‘ग्रामीण’ नावाची एक बोली कुठेच बोलली जात नाही. पात्र कुठल्या तालुक्यातलं, कुठल्या समाजातलं, शाळेत किती शिकलेलं, हे ठरवा. तिथला माणूस ओळखीचा नसेल, तर संवाद साध्या मराठीत लिहा आणि बोलीची चव वाक्याच्या वळणातून येऊ द्या. दुसरी गोष्ट क्रियाविशेषणांची. ‘ती रागाने म्हणाली’, ‘तो खिन्नपणे हसला’. मराठीत हे काम संबोधनं करतात. एरवी ‘अहो वहिनी’ म्हणणारा दीर भांडणात नुसतं ‘तुम्ही’ म्हणायला लागला, किंवा सासू सुनेला ‘अगं’ऐवजी अचानक ‘अहो बाई’ म्हणाली, की राग वेगळा सांगावा लागत नाही.

शुद्धलेखनाचे साहित्य महामंडळाचे नियम एकूण १८ आहेत. एका संध्याकाळी वाचून होतात, तरी ते न वाचता पाठवलेल्या संहिता ढिगाने येतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मुद्रितशोधक काढतो. निवेदनात एकदा ‘केले’ आणि पुढच्या ओळीत ‘केलं’, हे मात्र त्याला नीट करता येत नाही, कारण लेखकाला कोणता सूर हवा होता हे त्याला माहीत नसतं. सूर एक धरा.

संहिता युनिकोडमध्ये, १४ पॉइंटात, दीड ओळीच्या अंतराने, पानांवर क्रमांक घालून, वर्डच्या फाइलमध्ये पाठवा. सोबत पीडीएफही जोडा, म्हणजे मूळ अक्षरं कशी होती ते पलीकडे दिसतं. फाइलला कथेचं आणि स्वतःचं नाव द्या. ‘कथा फायनल २’ नावाच्या पाच-सहा फाइली संपादकाकडे आधीच पडलेल्या असतात. सोबतचं पत्र पाच ओळींचं पुरे: नाव, पत्ता, कथेचं नाव, शब्दसंख्या, कथा अप्रकाशित असल्याचं. कथेचा आशय समजावून सांगू नका. व्हॉट्सॲपवर मजकूर चिकटवून तर मुळीच पाठवू नका.

युनिकोडमध्ये दिलेला मजकूर छपाईपर्यंत तसाच जाईल असंही नाही. बऱ्याच ठिकाणी पानं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत लागतात आणि मजकूर कन्व्हर्टरमधून जातो. तिथे ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘ॲ’ गळतो, अवतरणचिन्हं उलटी फिरतात. पहिलं प्रूफ हाती आलं की सगळं वाचण्याआधी एवढ्याच जागा मूळ फाइलशी ताडून बघा. प्रुफात वाक्यं नव्याने लिहायचा मोह आवरा. दोन ओळी वाढल्या तरी पुढची पानं सरकतात आणि नव्या चुका घुसतात.

अंकांत पाच-सहा कथा आल्या की मग संग्रहाचा विचार. साधारण ४० हजार शब्द धरा. डेमी, म्हणजे कथासंग्रहांच्या नेहमीच्या आकाराच्या पानात २८० च्या आसपास शब्द बसतात, म्हणजे १४३ पानं. शीर्षकपान, अनुक्रम, कोरी पानं मिळून १६० पर्यंत जातं, म्हणजे १६ पानी दहा फॉर्मे. फॉर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं, आणि छपाईचा हिशोब फॉर्म्यात होतो. त्यामुळे १६३ पानांचं पुस्तक १६० मध्ये बसवणं हे संपादकाइतकंच लेखकाचंही काम आहे. पैशांचा अंदाजही आधीच घ्या. छापील किंमत २५० रुपये आणि मानधन दहा टक्के असेल, तर प्रतीमागे २५ रुपये. ५०० प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तर साडेबारा हजार, तेही काही वर्षांत. नोकरी सोडायचा बेत असेल तर थांबा.

प्रकाशक तुमच्याकडेच खर्च मागेल, किंवा शे-दोनशे प्रती विकत घ्या म्हणेल. हे बेकायदेशीर नाही आणि प्रत्येक वेळी फसवणूकही नसते. पण किती प्रती छापणार, न खपलेल्या कुणाच्या, वितरण कुठे, हे कागदावर हवं. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी, कोणी भरघोस पैसे लावले, तर तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो, हे लक्षात असू द्या. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान योजना आहे. तिची जाहिरात निघाली की संहिता तयार हवी, तेव्हा लिहायला बसून जमत नाही.

करार तोंडी करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली तर ती खोडायला सांगा. अनुवाद, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क स्वतःकडे ठेवा, निदान वेगळ्या कलमात घ्या. आणि पुस्तक स्वतःच काढलंत, तर कायद्याने प्रकाशक तुम्हीच. मग १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर तीन ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत, प्रकाशनापासून ३० दिवसांत, स्वखर्चाने पाठवायची जबाबदारीही तुमचीच.