डबा आधी निघतो

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलाय, आईच्या अक्षरातला. सोमवार ७.३० ते ९, शनिवार ९ ते १०.३०, शुक्रवार १०.३० ते १२... असा सातही वारांचा राहूकाळ, म्हणजे निघायला अशुभ वेळ. कडेला हळदीचा डाग. माझी लोकल ८.५१ची, म्हणजे सोमवारी घराबाहेर पडायची वेळ नेमकी राहूच्या तोंडात. आता ऑफिसला काय सांगणार, राहू बसलाय म्हणून लेट मार्क नका लावू?

आईकडे यावर उपाय आहे, प्रस्थान ठेवणे. पूर्वी म्हणे प्रवासाला जायचं असलं आणि वेळ जमत नसली की तांदूळ-सुपारीची पुरचुंडी चांगल्या वेळी शेजारी नेऊन ठेवायचे, की झालात तुम्ही रवाना. आई माझा डबाच ठेवते. सोमवारी ७.२०ला डबा समोरच्या काकूंकडे जातो आणि मी साडेआठला त्यांची बेल वाजवून तो घेतो. काकूंचा कुत्रापण आता भुंकत नाही.

परवा सहज पंचांगाचं ॲप उघडलं आणि गंमत कळली. राहूकाळ म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ भाग, त्यातला सोमवारी दुसरा. आईचा कागद धरतो की सूर्य बरोबर सहाला उगवतो आणि सहाला मावळतो, पण आमच्या मुंबईकडे डिसेंबरात तो उगवतो सातनंतर आणि दिवस असतो जेमतेम ११ तासांचा! म्हणजे एक भाग ८२ मिनिटांचा, आणि जूनमध्ये तोच ताणून जवळपास १०० मिनिटांचा. रबर आहे नुसतं. (मुहूर्त तेवढा ४८ मिनिटांचा, दोन घटका, असं आपण पाठ केलेलं, पण दिवसाचे १५ भाग करून काढतात तेव्हा तोही असाच ताणतो-आक्रसतो.) तर डिसेंबरातल्या सोमवारी खरा राहूकाळ साधारण साडेआठ ते दहाला दहा कमी.

मी लगेच आईला गाठलं. म्हटलं, गेल्या डिसेंबरात पुण्याला मावशीकडे निघालो तो सोमवार होता, आठवतंय? आम्हा सगळ्यांना चपला घालून सोफ्यावर बसवून ठेवलं होतंस, बाबा गाडीची किल्ली फिरवत होते, आणि नऊ वाजून एका मिनिटाला तू म्हणालीस चला आता. म्हणजे तू आम्हाला भर राहूकाळात बाहेर काढलंस!

आईने चष्मा वर केला, ॲप बघितलं, कागद बघितला.

"तरीच," ती म्हणाली, "खोपोलीला पंक्चर झाली."

मग थोड्या वेळाने परत किचनमधून आवाज आला, "आणि तुझा डबा ७.२०ला जातो ना, तेव्हा काय असतं रे त्या ॲपात?"

बघितलं. सोमवारी सूर्योदयानंतरचा पहिला चौघडिया, म्हणजे त्याच आठ भागांतला पहिला. नाव अमृत, एकदम शुभ.

कागद अजून तिथेच आहे, खाली पेनाने एक ओळ वाढलीय, "थंडीत एक तास पुढे".