उत्तर बहुपदीच कशावरून?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमाची मुलं दहावीपर्यंत बहुपदी मराठीतून शिकतात आणि पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीतून. ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्यांना फंक्शनल इक्वेशन, म्हणजे ज्यात संख्या नाही तर फंक्शनच शोधायचं असतं असं समीकरण, साधारण याच वळणावर भेटतं. वहीतली पहिली ओळ ठरलेली असते: "समजा फ(क्ष) = क·क्ष²". समीकरणात घातलं, जुळलं, खाली दोन रेघा. जुळलं म्हणजे एक उत्तर सापडलं. दुसरं कुठलंच नाही हे दाखवायचं राहिलं, आणि खरे मार्क त्याचेच असतात.

वास्तव संख्यांवर हे समीकरण घ्या:

फ(क्ष + य) + फ(क्ष − य) = २फ(क्ष) + २फ(य)

क्ष = य = ० ठेवा. २फ(०) = ४फ(०), म्हणून फ(०) = ०. मग फक्त क्ष = ० ठेवा: फ(−य) = फ(य). मग य = क्ष: फ(२क्ष) = ४फ(क्ष). पुढे गणिती विगमनाने फ(न·क्ष) = न²·फ(क्ष), आणि त्यावरून परिमेय र साठी फ(र) = फ(१)·र². इथपर्यंत सगळं पक्कं आहे. घसरतं ते पुढच्या ओळीत: "म्हणून प्रत्येक वास्तव संख्येसाठी". या 'म्हणून'ला अजून काहीच आधार नाही.

समीकरणानं नेमकं काय दिलंय ते पाहायला य च्या जागी ह लिहा आणि पदं हलवा:

फ(क्ष + ह) − २फ(क्ष) + फ(क्ष − ह) = २फ(ह)

डावीकडे दुसरा फरक आहे, म्हणजे ह अंतरावरच्या किमतींच्या फरकांचा फरक; उजवीकडे क्ष नाहीच. आणखी एकदा फरक घेतला की शून्य. ज्या फंक्शनचा (न + १)वा फरक प्रत्येक क्ष आणि ह साठी शून्य येतो, ती जास्तीत जास्त न कोटीची व्यापक बहुपदी. गणितज्ञ फ्रेशे यांनी १९०९ मध्ये सिद्ध केलं की असं फंक्शन संतत (आलेख कुठेही न तुटणारं) असेल तर ती नेहमीचीच बहुपदी असते. सांतत्य नसेल तरी आतली बांधणी टिकते. आपल्या उदाहरणात

ब(क्ष, य) = [फ(क्ष + य) − फ(क्ष − य)] ÷ ४

हे दोन्ही जागी बेरीज जपतं, म्हणजे ब(क्ष + झ, य) = ब(क्ष, य) + ब(झ, य) आणि तसंच दुसऱ्या जागी, आणि फ(क्ष) = ब(क्ष, क्ष). समीकरणाचं संपूर्ण उत्तर हेच. क·क्ष² हा त्यातला एक प्रकार.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष पाहा. प, त परिमेय असताना अ(प + त√२) = प असं ठरवा. अ बेरीज जपतं, म्हणून फ = अ² आपल्या समीकरणात चपखल बसतं. गणितज्ञ हामेल यांच्या १९०५ च्या आधारसंचाने (ज्यातल्या संख्यांना परिमेय गुणक लावून बेरीज केली की प्रत्येक वास्तव संख्या एकाच प्रकारे मिळते) हे अ सगळ्या वास्तव संख्यांपर्यंत वाढवता येतं. आता फ(१) = १, पण फ(√२) = ०; क·क्ष² असतं तर २ यायला हवे होते. शून्याजवळ तर आणखी बिघडतं: ३ − २√२ म्हणजे सुमारे ०.१७, तिथे फ = ९. १७ − १२√२ म्हणजे सुमारे ०.०२९, तिथे फ = २८९. क्ष शून्याकडे सरकतोय आणि फ वाढत चाललंय.

म्हणून प्रश्नातली अट आधी वाचा. फंक्शन फक्त परिमेय संख्यांवर असेल तर वेगळी अट लागतच नाही. 'संतत' दिलं असेल तर परिमेय संख्यांची क्रमिका घेऊन सीमा काढा, काम झालं.

खरा सापळा 'फ(क्ष) ≥ ०' या अटीत आहे. कोशींच्या फ(क्ष + य) = फ(क्ष) + फ(य) या समीकरणाचं उत्तर क·क्ष हेच ठरायला एखाद्या अंतरालावर एवढी एकतर्फी मर्यादासुद्धा पुरते. ती सवय इथे आणली की उत्तर चुकतं, कारण वरचं अ² कुठेच ऋण नाही. दुसऱ्या कोटीच्या फंक्शनला मर्यादा दोन्ही बाजूंनी हवी.

ती मिळाली तर वाट सरळ आहे. एखाद्या अंतरालावर |फ| ≤ म असेल तर त्याच्या मध्यबिंदूला क्ष म्हणा. लहान ह साठी वरच्या समीकरणावरून |२फ(ह)| ≤ ४म, म्हणजे शून्याजवळ |फ| ≤ २म. मग लहान क्ष, य साठी ब(क्ष, य) सुद्धा मर्यादित. क्ष मोठा असेल तर ब(क्ष, य) = न·ब(क्ष/न, य) लिहून त्याला लहान करा. आता क्ष स्थिर धरला की ब(क्ष, य) हे य चं बेरीज जपणारं आणि शून्याजवळ मर्यादित फंक्शन आहे, म्हणून ब(क्ष, य) = य·ब(क्ष, १). हेच पहिल्या जागी केलं की ब(क्ष, १) = क्ष·ब(१, १), आणि य = क्ष ठेवल्यावर फ(क्ष) = फ(१)·क्ष².