बॅड सेक्टर बाजूला काढण्याआधी

माझ्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांच्या कॅसेट मी काही वर्षांपूर्वी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या आणि त्या फायली एक टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कवर, लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फायलींची मांडणी ठेवणाऱ्या व्यवस्थेत) ठेवल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात त्यांची दुसरी प्रत काढताना एक फाइल निम्म्याहून पुढे गेली आणि तिथेच अडकली. डिस्कमधून खरडल्यासारखा आवाज येऊ लागला आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये वाचनाची त्रुटी दिसली. अशा वेळी बहुतेक जण एकच सल्ला देतात, तो म्हणजे फाइल सिस्टीमची तपासणी बॅड ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे खराब तुकडे, शोधण्याच्या पर्यायासह चालवावी आणि खराब जागा कायमची बाजूला काढावी. तो सल्ला खोटा नाही, पण तो पहिल्या पायरीवर देण्याचा नाही, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण असे की खराब जागा दोन वेगवेगळ्या थरांवर बाजूला काढली जाते. पहिला थर खुद्द डिस्कचा. प्रत्येक आधुनिक डिस्ककडे राखीव सेक्टर (डिस्कवरच्या साठवणीचे सर्वांत लहान तुकडे) असतात आणि एखादा सेक्टर निकामी ठरला की डिस्क त्याचा क्रमांक राखीव सेक्टरला देऊन मोकळी होते. परंतु वाचता न आलेल्या सेक्टरच्या बाबतीत ती हे आपण होऊन करत नाही, कारण आतली माहिती अजून कुणाला हवी असू शकते. तिथे नवे काही लिहिले जाईपर्यंत ती त्या सेक्टरला ‘प्रलंबित’ म्हणून मोजत राहते. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्या, तक्त्यात १९७ क्रमांकाची ओळ प्रलंबित सेक्टरांची आणि ५ क्रमांकाची ओळ बदली दिलेल्या सेक्टरांची असते. दुसरा थर फाइल सिस्टीमचा. ती जागा ब्लॉक नावाच्या तुकड्यांत वाटते. ईएक्सटी४ मध्ये पहिल्या क्रमांकाचा आयनोड (एखाद्या फाइलकडे कोणते ब्लॉक आहेत हे सांगणारी नोंद) केवळ बॅड ब्लॉकांसाठी राखलेला आहे. त्याच्या नावावर लावलेला ब्लॉक पुन्हा कोणत्याही फाइलला मिळत नाही. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टीममध्ये याच कामासाठी एक स्वतंत्र लपलेली फाइल असते, तर फॅट३२ या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये त्या क्लस्टरच्या (तिथल्या ब्लॉकच्या) नोंदीत एक ठरावीक खुणेचा आकडा लिहिला जातो.

आता माझ्यासारखा घाईत सापडलेला माणूस थेट दुसऱ्या थरावर गेला तर काय होते? खराब ब्लॉक एखाद्या फाइलच्या मालकीचा असेल, तर ई२एफएससीके (ईएक्सटी४ची तपासणी करणारी आज्ञा) त्या फाइलला दुसरा ब्लॉक देऊ शकते, पण जे वाचताच आले नाही ते नव्या ब्लॉकमध्ये येणार कुठून? फाइल वरवर धडधाकट दिसते आणि तिच्या पोटातला एक तुकडा गेलेला असतो. म्हणून त्या ब्लॉकवर कोणती फाइल आहे, हे आधी शोधले पाहिजे.

स्मार्टची दीर्घ चाचणी लावली, तेव्हा ती साठ टक्के काम शिल्लक असताना थांबली आणि पहिल्या त्रुटीचा सेक्टर तिने ८१,२३,४५,६८० असा दिला. पार्टिशन (डिस्कचा फाइल सिस्टीम असलेला भाग) २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होत होते. सेक्टर ५१२ बाइटचा आणि फाइल सिस्टीमचा ब्लॉक ४०९६ बाइटचा, म्हणजे एका ब्लॉकमध्ये आठ सेक्टर. वजाबाकी करून आठाने भागल्यावर ब्लॉक क्रमांक १०,१५,४२,९५४ आला. डीबगएफएस या फाइल सिस्टीमची आतली रचना दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आयचेक या आज्ञेने ब्लॉकवरून आयनोड कळतो आणि एनचेकने आयनोडवरून फाइलचे नाव कळते. नाव अपेक्षेप्रमाणे त्याच अडकलेल्या ध्वनिफितीचे निघाले.

इथे थोडा हिशेब मांडण्यासारखा आहे. पंचेचाळीस मिनिटांची ती फाइल सुमारे ४७ कोटी बाइटची. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि दोन वाहिन्यांचा प्रत्येक नमुना चार बाइटचा, म्हणजे ४०९६ बाइटमध्ये १०२४ नमुने मावतात आणि त्यांचा आवाज जेमतेम २३ मिलिसेकंद टिकतो. आजीचा श्वास घेण्याइतकाही तो वेळ नाही. तरीही साधी कॉपी त्या ठिकाणी थांबत होती आणि पुढचा सगळा भाग हाती लागत नव्हता. डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरून माहिती वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने मात्र तेवढा ब्लॉक सोडून उरलेली फाइल पूर्ण वाचून दिली. त्या ब्लॉकवर वारंवार प्रयत्न करूनही काही मिळाले नाही, तेव्हा ती जागा शून्यांनी भरली गेली. ऐकताना तिथे फक्त एक बारीक ‘टक्’ येतो.

प्रत सुरक्षित झाल्यावरच मी त्या ब्लॉकवर शून्ये लिहिली. ही पायरी काळजीने करावी, कारण क्रमांकात एक अंक चुकला तर धडधाकट माहिती पुसली जाते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हल्लीच्या बऱ्याच डिस्कचा प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ बाइटचा असल्यासारखा दाखवला जातो. अशा डिस्कवर एकच छोटा सेक्टर लिहू गेल्यास डिस्कला आधी उरलेले सात वाचावे लागतात, ते वाचता येत नाहीत आणि लिहिणेही फसते. त्यामुळे आठही एकदम आणि मधला कॅशे (संगणकाची तात्पुरती साठवण) टाळून लिहावेत. तसे केल्यावर प्रलंबितांची संख्या आठवरून शून्यावर आली आणि बदलीची संख्या मात्र शून्यच राहिली. याचा अर्थ पृष्ठभाग खराब नव्हता. आधीचे लिखाण कच्चे उतरले होते आणि बाजूला काढण्यासारखे तिथे काहीच नव्हते.

दोन महिन्यांनी त्याच पट्ट्यात, यावेळी मोकळ्या जागेत, तीन ब्लॉक वाचेनासे झाले आणि लिहूनही पुन्हा तसेच होऊ लागले. तेव्हा कुठे मी पार्टिशन अनमाउंट करून (वापरातून सोडवून) ई२एफएससीके बॅड ब्लॉक तपासणीसह चालवले. बॅडब्लॉक्स हा प्रोग्रॅम स्वतंत्रपणे चालवून त्याची यादी ई२एफएससीकेला देण्याचा मार्ग मी टाळतो, कारण सांगितले नाही तर तो १०२४ बाइटचा ब्लॉक धरतो आणि सगळे क्रमांक चुकतात. काही तासांनी तीन ब्लॉक, म्हणजे १२ किलोबाइट, राखीव आयनोडच्या नावावर गेले.

त्या डिस्कवर आता मी फक्त पुन्हा सहज उतरवून घेता येण्याजोग्या वस्तू ठेवतो. ओव्यांच्या फायली नव्या डिस्कवर नेताना मी पार्टिशनची जशीच्या तशी प्रतिमा न उचलता एकेक फाइल कॉपी केली, कारण प्रतिमेबरोबर बॅड ब्लॉकांची यादीही जाते आणि नव्या डिस्कवरची चांगली जागा विनाकारण बंद होते. ज्यांनी आधीच तशी प्रतिमा उचलली असेल, त्यांना ई२एफएससीकेला रिकामी यादी देऊन ती नोंद पुसता येते. एनटीएफएसवर चेकडिस्क या विंडोजच्या तपासणी आज्ञेचा ‘बी’ पर्याय जुनी यादी काढून सगळे क्लस्टर नव्याने तपासतो.