उपवासाचं ताट आणि पोर्तुगीज जहाजं

परवा एकादशीला आईने साबुदाण्याची खिचडी केली, आणि शेंगदाण्याचं कूट ढवळताना सहज डोक्यात आलं की या कढईतलं तूप जिरं मीठ सोडलं तर बाकी सगळं समुद्रापलीकडून आलंय. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा अँडीज डोंगरातला, हिरवी मिरचीसुद्धा अमेरिकेतली. बाजूला रताळ्याचा कीस होता, तेही तिकडचंच!

१४९८ ला वास्को द गामा कालिकतला उतरला ते मिरीसाठी, कारण आपल्याकडे तेव्हा तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं एवढंच. मग १५०० मध्ये काब्राल हा दुसरा पोर्तुगीज दर्यावर्दी १३ जहाजं घेऊन भारताकडे निघाला आणि वाटेत ब्राझीलला जाऊन लागला, १५१० ला गोवा पोर्तुगीजांच्या हातात, म्हणजे ब्राझील आणि गोवा एकाच राजाच्या जहाजांनी जोडले गेले. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज आहे, काजू, अननस, पाव पण. मिरचीला मात्र आपण मिरीचंच नाव चिकटवलं, आणि गंमत बघा, मिरी न्यायला आलेल्यांनीच मिरीला स्वयंपाकघरात मागे ढकललं.

मला खरी मजा याची वाटते की गहू तांदूळ, जे इथे हजारो वर्षं पिकतंय ते उपवासाला चालत नाही आणि परदेशातून आलेलं चालतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, बरं बरं, लिंबू पिळ आता.