गरब्याचा कमरपट्टा आणि स्वतःलाच ऐकणारा माइक

आवाजावर उजळणारे दिवे अंगावर घालायचे असतील तर दिव्यांची काळजी करू नका. दिवे लागतात. लाल, हिरवे, मोरपंखी, हवे तसे पळतात. घोळ सगळा माइकचा असतो आणि त्याबद्दल धड कुणी सांगत नाही. ज्याला विचारावं तो मोबाइल काढून रंगांचे पॅटर्न दाखवायला लागतो. म्हणून हे लिहितेय, आणि थोडं रागातच लिहितेय.

लेकीला नवरात्रात चनियाचोळीवर घालायला कमरपट्टा हवा होता, ढोलाच्या ठेक्यावर उजळणारा. बाजारात आम्ही बघितलेल्या पट्ट्यांना गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं; बटण दाबलं की आपल्याच नादात लुकलुकत बसायचे. लग्नाआधी मी अंधेरीला सीप्झ ह्या निर्यात-कारखान्यांच्या वसाहतीत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असेंब्लीच्या लाइनवर होते, दिवसभर हातात सोल्डरिंग गन. "आई, तूच कर ना," म्हणाली तेव्हा नाही म्हणायचं कारण नव्हतं.

सामानासाठी लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण ते नाव टॅक्सीवाल्याला सांगून बघा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटरं खाली असतात. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड), डब्ल्यूएस २८१२बी दिव्यांची मीटरला ६० दिव्यांची पट्टी, करंटचे झटके शोषायला १००० मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि माइक. वरून लावायला जाळीचं कापड आणि लेस भुलेश्वरहून. पट्टी लेकीच्या कमरेच्या मापाने ४८ दिव्यांवर कापली, तारा जोडल्या, फास्टएलईडी ही दिवे चालवायची तयार कोड-लायब्ररी घालून दिवे पळवून बघितले. पट्टीवर बाण छापलेला असतो, डेटाची तार (कुठला दिवा कसा लावायचा ते सांगणारी) बाणाच्या शेपटीकडच्या टोकाला लावायची. ह्या सगळ्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता माइक. दुकानात साधारण दोन प्रकारचे मिळतात, मॅक्स ४४६६ चिपचा आणि मॅक्स ९८१४ चिपचा. मी ४४६६ मागितला. दुकानदार म्हणाला, "ताई, तो जुना झाला, हा घ्या, ह्यात सगळं ऑटोमॅटिक आहे." ऑटोमॅटिक आहे हे खरं, आणि तेच नको होतं. ९८१४ बारीक आवाज स्वतःहून वाढवतो आणि मोठा आवाज दाबतो. बोलणं रेकॉर्ड करायला उत्तम, कुजबुज आणि आरडाओरडा एकाच पातळीवर येतो. पण आपल्याला तर ठेका आणि दोन ठेक्यांमधली शांतता ह्यांतलाच फरक हवाय! तो फरकच हा माइक पुसून टाकतो. हे मी त्याला काउंटरवर सांगितलं. "मग ४४६६ सोमवारी येईल." सोमवारी फोन केला तर गुरुवारी. गुरुवारी माल भिवंडीच्या गोडाऊनला अडकलेला. काउंटरच्या मागे पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. नसलेला माल कधी येणार ह्याची पाटी कुठेच नव्हती. पितृपक्ष संपत आला, घटस्थापना तोंडावर, आणि ४८ दिवे तयार होऊन टेबलावर पडलेले. शेवटी त्याच रस्त्यावर, जिन्याखालच्या एका गाळ्यात, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डब्यातून ४४६६ काढून दिला, तोही आधी मीटर लावून तपासून. तपासून देणारा दुकानदार सापडला तर त्याला सोडू नका.

माइक जोडला आणि खरा त्रास सुरू झाला.

रात्री घरात सामसूम, पंखा बंद, आणि पट्टा आपला झळाळतोय. कुणी बोलत नाही, काही वाजत नाही, तरी दिवे वरखाली. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या, त्या म्हणाल्या, "ह्याला कोण दिसतंय गं?" माइकवर स्पंज दाबला, तरी तेच. उशीखाली ठेवला, तरी तेच. मग बिल्डिंगमधला इंजिनीअरिंगचा मुलगा आला. "काकू, कॅपॅसिटर लावा." लावलेला होता. "काकू, थ्रेशोल्ड वाढवा." म्हणजे दिवे लागायला किती मोठा आवाज हवा ती मर्यादा. वाढवला. पट्टा शांत झाला, पण मग टाळी वाजवली तरी ढिम्म. "काकू, कोड मी लिहून देतो." कोडचा प्रश्नच नव्हता!

शेवटी लाइनवर शिकलेलं कामी आलं, एकेक तार सोडवून बघायची. कॉम्प्युटरवर माइकचे आकडे बघत बसले. नॅनो आवाजाचा व्होल्टेज ० ते १०२३ मध्ये मोजतो आणि शांततेत ह्या माइकचा आकडा मधोमध, ५१२ च्या आसपास असतो, कारण त्याचा मध्य पुरवठ्याच्या बरोबर निम्म्यावर बसवलेला असतो. दिव्यांची डेटा तार काढली आणि आकडे एकदम सरळ रेषेत. पुन्हा लावली, आकडे उड्या मारायला लागले. म्हणजे माइक घरातलं काही ऐकत नव्हताच, तो दिव्यांना ऐकत होता.

कारण असं, की हा एकेक दिवा पूर्ण पांढरा लागला तर ६० मिलिअँपिअरपर्यंत करंट ओढतो. ४८ दिव्यांचे झाले जवळपास २.९ अँपिअर. दिवे चालू-बंद होतात तशी ५ व्होल्टची लाइन खालीवर होते, आणि त्याच लाइनवर माइक बसलेला. खाली कुणी नळ सोडला की आमच्या चौथ्या मजल्यावरची धार बारीक होते, तसंच. लाइन हलली की माइकचा मध्य हलतो, नॅनोला वाटतं आवाज आला, तो दिवे वाढवतो, दिवे वाढले की लाइन आणखी हलते. पट्टा स्वतःशीच गरबा खेळत होता. पट्टा पॉवर बँकेवर लावला तर हा त्रास लॅपटॉपपेक्षा जास्त, कारण आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं तिचं सर्किट स्वतःचा खरखराट घालतं.

तोड निघाली ती सोपी, आणि सोपी असूनही कुणी सांगितली नाही ह्याचाच संताप येतो. माइकला ५ व्होल्ट द्यायचेच नाहीत. नॅनोवर ३.३ व्होल्टची वेगळी पिन असते, तिथून द्यायचे. तिचा पुरवठा बोर्डावर रेग्युलेट होऊन येतो, त्यामुळे दिव्यांची धडधड तिथवर फारशी पोचत नाही. त्याच ३.३ पिनमधून एक तार 'एरेफ' लिहिलेल्या पिनला जोडायची आणि प्रोग्रॅममध्ये, माइकचा पहिला आकडा वाचायच्या आधी, अॅनालॉग रेफरन्स, म्हणजे आकडे ज्या व्होल्टेजच्या मापाने मोजायचे तो, 'एक्स्टर्नल' (बाहेरून दिलेला) असल्याचं सांगायचं. हा क्रम पाळाच. तार जोडली आणि प्रोग्रॅममध्ये सांगितलं नाही, तर आतला रेफरन्स बाहेरच्या व्होल्टेजवर शॉर्ट होऊन चिप जाऊ शकते. आणि दिव्यांचा करंट नॅनोमधून न्यायचा नाही. पॉवर बँकेच्या वायरीतून लाल-काळी जोडी सरळ पट्टीला, तिथूनच दुसरी जोडी नॅनोला, आणि माइकची ग्राउंड, म्हणजे काळी तार, नॅनोच्या ग्राउंड पिनलाच. एवढं केलं आणि पट्टा गप्प झाला. मी टाळी वाजवली, तो उजळला. सगळे झोपलेले असताना मी किती टाळ्या वाजवल्या असतील ते विचारू नका.

तरी माइक अजून ढोलाचा झाला नव्हता. मोबाइलवर गरबा लावून जुळवून घेण्यात अर्थ नाही, मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ढोलाचा घुमारा येतच नाही, वरची टिपरी तेवढी ऐकू येते. गुरुवारी सोसायटीच्या मंदिरात भजनी मंडळ बसतं, तिथे पखवाजाच्या शेजारी पट्टा घेऊन बसले. बुवांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. पखवाजाच्या धुमेवर, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूवर, थाप पडली आणि दिवे आले की समजायचं जमलं. माइकच्या पाठीमागे छोटा स्क्रू असतो, त्याने आवाजाची वाढ २५ पट ते १२५ पट करता येते. घरी मधोमध ठीक वाटतो, पण गरब्यासाठी अगदी खालच्या टोकाला न्या. मैदानातल्या स्पीकरसमोर जास्त वाढ ठेवली तर आकडे टोकाला चिकटतात आणि पट्टा रात्रभर नुसता पेटलेला राहतो.

कोडमध्ये मी ५० मिलिसेकंदांत आलेला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांतला फरक तेवढा बघते. ५० मिलिसेकंद का, तर २० हर्ट्झ, म्हणजे माणसाला ऐकू येणाऱ्या सगळ्यात जाड आवाजाचीही एक फेरी त्यात पूर्ण होते. आणि 'मोठा आवाज म्हणजे किती' हा आकडा कायमचा लिहून ठेवलेला नाही. नुकत्याच ऐकलेल्या मोठ्या आवाजावरून तो ठरतो आणि हळूहळू उतरत राहतो. त्यामुळे मैदानाच्या कडेला उभी असली तरी दिवे येतात आणि स्टेजपुढे गेली तरी ठेका कळतो. मग हे ९८१४ सारखंच नाही का, असं त्या इंजिनीअरिंगच्या मुलाने विचारलंच. नाही. तो दोन ठोक्यांच्या मधली शांतताही वर ओढतो, मी फक्त छत, म्हणजे 'मोठा आवाज' कशाला म्हणायचं तो आकडा, खालीवर करते.

हे राहिलं होतं: प्रोग्रॅममध्ये एकूण करंटची मर्यादा घाला, फास्टएलईडीत त्याची सोय आहे. मी ८०० मिलिअँपिअर ठेवलीय. अंधारात तेवढा उजेड भरपूर होतो आणि पट्टी तापत नाही. कमरेला उघडा लिथियम सेल बांधू नका, कितीही हलका असला तरी. पॉवर बँक कापडी पाकिटात.

पॉवर बँकेचं एक नाटक वेगळंच. भार फार कमी झाला की तिला वाटतं मोबाइल चार्ज झाला, आणि ती बंद होते. पहिल्या रात्री आरतीच्या आधी दोन शब्द बोलायला पाहुणे उभे राहिले, गाणी थांबली, पट्टा विझला तो विझलाच. तेव्हापासून शांततेतही सगळे दिवे मंद केशरी ठेवलेत. दिसतंही छान, आणि तिला भारही मिळतो.

सोल्डर केलेल्या टोकांवर गरम गोंद घाला. कंबर वाकते तशी पट्टी वाकते आणि तांब्याचा ठिपका तारेसकट उपटून येतो, मग सोल्डरिंग कितीही सुंदर असू दे. तारा बारीक धाग्यांच्या, लवचीक घ्या. पट्टीमागच्या गोंदावर विसंबू नका, ऑक्टोबरच्या घामात तो तासभरही टिकत नाही. मी जाळीची लांब पिशवी शिवून पट्टी आत सरकवली, म्हणजे धुवायच्या वेळी काढता येते. माइक ओढणीपासून लांब, डाव्या बाजूला. ओढणी घासली तरी तो उजळतो. दांडिया आपटल्यावरही उजळतो, पण ते लेकीला आवडलं, म्हणून तसंच ठेवलंय.

बिल्डिंगमधल्या दोघींनी पुढच्या वर्षीसाठी पट्टा मागितलाय. करून देते म्हटलंय. माइक मात्र त्यांनी स्वतः लॅमिंग्टन रोडवरून आणून द्यायचा, ह्या अटीवर.