गाडीतून येतात, मग गरीब कसे?

मी अमेरिकेत एका फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या ठिकाणी, मदत करते. तिथे कोण येतं आणि आपण काय द्यावं, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पुण्याला गेले की मावशी हमखास विचारते, "अमेरिकेत फुकट धान्य वाटता? तिथे कोण उपाशी असतं गं?" इथे न्यू जर्सीत आपलीच मंडळी गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन, जरा बाजूला घेऊन विचारतात, "तुझ्या त्या फूड पॅन्ट्रीत लोक गाड्यांमधून येतात म्हणे. हातात आयफोन. खरंच गरजू असतात का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते प्रसाद संपेपर्यंत सांगून होत नाही.

आधी गाडीचं सांगते. आमच्या भागात बसच्या भरवशावर नोकरी होत नाही. गोदामात रात्रपाळी करणारा मुलगा किंवा घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बघणारी बाई, यांच्याकडे गाडी नसेल तर कामच नाही. गाडी कमाईतून आलेली नसते, कमाई गाडीमुळे चाललेली असते. फोनचंही तसंच. उद्याची शिफ्ट आहे की रद्द झाली, हे ॲपवरच कळतं.

आता एखाद्या महिन्याचा खर्च मांडून बघा. घरभाडं ठरलेलं. गाडीचा विमा ठरलेला. हिवाळ्यात हीटिंग, वर औषधं. यातलं काहीही निम्मं भरतो म्हणून चालत नाही. भाडं थकलं की नोटीस येते, विमा चुकला की गाडी दारात उभी. ओढाताण सहन करणारा खर्च एकच, किराणा. दूध पातळ करता येतं, दुपारचं जेवण टाळता येतं, त्याची नोटीस कुणी पाठवत नाही. आमच्याकडे रांगेत उभा असलेला माणूस उपाशी दिसत नाही, कारण बहुतेक वेळा त्याने भाडं वेळेवर भरलेलं असतं. शेती खात्याच्या पाहणीत 2023 साली या देशातल्या 13.5 टक्के घरांना वर्षभरात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. माणसं मोजली तर 4 कोटी 74 लाख. हे सगळे फुटपाथवर झोपणारे कसे असतील?

2018च्या डिसेंबरापासून, खर्चाला मंजुरी न मिळाल्याने, इथल्या केंद्र सरकारचं कामकाज 35 दिवस बंद पडलं तेव्हा विमानतळावर आपल्या बॅगा तपासणारे कर्मचारी ठिकठिकाणच्या पॅन्ट्र्यांमध्ये रांगा लावून उभे होते. पक्की सरकारी नोकरी, आणि पगार वेळेवर आला नाही एवढंच.

"मग सरकार काय करतं? आपल्याकडे रेशन आहे तसं काही नाही का?" हा मावशीचा पुढचा प्रश्न. आहे. स्नॅप म्हणून योजना आहे, त्याचं बँकेच्या कार्डासारखं कार्ड मिळतं, त्यात दर महिन्याला पैसे जमा होतात आणि ते दुकानात किराण्यासाठी वापरायचे. रेशनवर काय मिळणार ते सरकार ठरवतं, इथे काय घ्यायचं ते तुम्ही ठरवता, हे मला आवडतं. पण त्या कार्डावर साबण येत नाही, टॉयलेट पेपर येत नाही, डायपर येत नाही, गरम शिजवलेलं अन्नही नाही. न्यू जर्सीत हे पैसे महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत जमा होतात. त्यामुळे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात जरा निवांत आणि शेवटच्या आठवड्यात रांग पार्किंगच्या बाहेर. कॅलेंडर बघायची गरज नाही, दार उघडलं की तारीख कळते.

आमची पॅन्ट्री चर्चच्या तळघरात आहे. फूड बँक वेगळी. बँक म्हणजे मोठं गोदाम, आणि तिथून माल आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी येतो. ही कल्पना ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये 1967 साली जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थाने सुरू केली. दुकानं विकण्याजोगा नसलेला पण खाण्याजोगा माल फेकतात, तो जमा करून ठेवायचा आणि लागेल त्याने काढायचा, म्हणून बँक. दुकानदारांना भीती असायची की दिलेलं खाऊन कुणी आजारी पडलं तर कोर्टात खेचतील. 1996 साली केंद्राने कायदा करून चांगल्या हेतूने देणाऱ्याला संरक्षण दिलं.

शनिवारी सकाळी ट्रक रिकामा झाला की निवडायला बसायचं. गव्हातले खडे निवडत वाढलेल्या बायकांना हे काम पटकन जमतं. डब्याला पोटावर पोचा आला असेल तर चालतो, शिवणीवर किंवा कडेवर आला असेल तर फेकायचा, फुगलेला तर हातातसुद्धा धरायचा नाही. डब्यांवरच्या "अमुक तारखेपर्यंत उत्तम" या तारखा बहुतेक कंपनीच्या मर्जीच्या असतात, केंद्राचा नियम आहे तो फक्त बाळाच्या दुधाच्या पावडरीला. ती मात्र एक दिवस उलटली तरी बाद. आणि मग येतात केक. कुणाच्या तरी बारशाचे, पदवीदानाचे, निळ्या क्रीमचे, ज्यांना न्यायला कुणी आलंच नाही असे. टोमॅटोची वाट बघावी आणि खोक्यातून चार केक निघावेत, असं फार वेळा होतं. दानावर चालणाऱ्या व्यवस्थेचं हेच आहे, गरज कशाची आहे यापेक्षा उरलं काय यावर ती चालते. रेशनच्या दुकानाला नावं ठेवत मोठी झालेली मी, इथे येऊन हक्काच्या पाच किलोंचं मोल मान्य करते.

साठीच्या पुढच्यांसाठी दर महिन्याला एक वेगळं सरकारी खोकं येतं. त्यात डबाबंद भाज्या, फळं, ज्यूस, नाश्त्याचं सीरियल, टिकाऊ दूध, शेंगदाण्याचं बटर किंवा शेंगा-कडधान्यं, आणि दोन पौंडांची चीजची वीट. ते खोकं घेताना म्हातारी माणसं जे बोलतात ते ऐकावं. "डबा ओढून उघडायचा आहे ना? ओपनर फिरवायला मनगटात जोर नाही." "मीठ कमी असलेलं आहे का? बीपी आहे." एक आजोबा सफरचंदं परत ठेवून सफरचंदाचा गर मागतात. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा सरकारी आरोग्य विमा, दातांच्या नेहमीच्या कामाचे पैसे देत नाही, आणि कवळीचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा.

आणि हो, आपले लोकही येतात. हे ऐकून आरतीच्या घोळक्यात शांतता पसरते. मुलांकडे ग्रीन कार्डावर आलेल्या आई-वडिलांना साधारणपणे पाच वर्षं स्नॅप मिळत नाही, आणि सोशल सिक्युरिटीचं पेन्शन हवं तर इथे सुमारे दहा वर्षं नोकरी झालेली लागते. मुलाची नोकरी गेली की घरातली सगळीच गणितं कोसळतात. एक मराठी काका चाकांची पिशवी ओढत येतात. पहिल्यांदा म्हणाले, "शेजारणीसाठी नेतोय." हल्ली शेजारणीचा विषय निघत नाही, तूरडाळ आली आहे का एवढंच विचारतात.

लबाड कुणी येतच नाहीत असं मी म्हणणार नाही. सरकारी मालासाठी घरात माणसं किती आणि मिळकत मर्यादेत आहे एवढं सांगून सही करायची, पगाराची पावती आम्ही मागत नाही. एखादा गैरफायदा घेत असेल, घेऊ दे. दारात कागद तपासायला बसवलं तर लबाड कागद आणेल आणि काका परत जातील.

तुमचा शेवटचा प्रश्न, आम्ही काय द्यावं? घरी पिशवीत भरलेली डाळ नको, घटक आणि तारीख छापलेलं बंद पाकीटच चालतं. छोट्या बाटलीतलं तेल, चहा, मीठ कमी असलेले ओढून उघडायचे डबे, भांड्यांचा साबण, सॅनिटरी पॅड, डायपर. पैसे दिलेत तर उत्तमच, घाऊक भावात फूड बँक आपल्यापेक्षा जास्त आणते. आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळेच देतात, तेव्हा ठेवायला जागा नसते. जुलै-ऑगस्टमध्ये द्या. तेव्हा शाळा बंद असतात, शाळेतलं जेवण बंद असतं, आणि आमची फडताळं रिकामी. हात लावायला येणार असाल तर ट्रक शनिवारी सकाळी साडेआठला येतो. पाठ दुखत असेल तरी या, तारखा तपासायच्या टेबलाला खुर्च्या आहेत.