टाचेचा रकाना

रविवार, दुपार

२६ किलोमीटर. ३ तास ३८ मिनिटं. टाच : दोन.

वहीत एवढं लिहिलं आणि पाय भिंतीला लावून जमिनीवर आडवी झाले. लेकीने वही उचलून पाहिली. "आई, टाच दोन म्हणजे काय? सगळ्यांना दोनच असतात."

मग तिला समजावलं. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकताना उजवी टाच किती दुखते, त्याचा हा आकडा. शून्य म्हणजे आपल्याला टाच आहे याची आठवणही होत नाही. दहा म्हणजे भिंत धरत धरत खोलीबाहेर पडायचं. तेवीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरतेय. रकाना आखल्याशिवाय मला दुखणंही खरं वाटत नाही. अंतर, वेळ, झोप यांचेही रकाने आहेत, पण त्यांत थोडी हातचलाखी चालते. पाणी पिताना घड्याळ थांबवायचं, २५.९ चे २६ करायचे. टाचेच्या रकान्यात ती सोय नाही.

आजचं खरं दुखणं टाचेचं नव्हतंच. २२ किलोमीटर झाले आणि पायांतला जोर कुणीतरी काढून घेतल्यासारखा गेला. धाप नव्हती, नाडी ठीक होती, फक्त मांड्यांत ओली वाळू भरल्यासारखं झालं. पळणारे याला 'वॉल' म्हणतात. मला भिंत वगैरे काही वाटली नाही, खात्यात शिल्लक नसल्यासारखं वाटलं. घरी येऊन तो हिशेबही मांडला. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, ढोबळमानाने एक कॅलरी लागते. माझं वजन ६१, म्हणजे किलोमीटरला ६१ कॅलरी. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या रूपात जी साखर साठलेली असते ती साधारण २००० कॅलरींची. भागाकार ३२-३३ च्या आसपास येतो आणि मॅरेथॉन आहे ४२ ची. उरलेलं चरबीतून भागवायचं. चरबी माझ्याकडे भरपूर आहे, त्याबद्दल घरात कुणाचाच वाद नाही, पण ती मुदत ठेव आहे. पैसे आपलेच, हातात मात्र चटकन पडत नाहीत. हळू पळालं तर शरीर ठेवीतून बरंच काढतं, जोर केला की सरळ साखरेलाच हात घालतं.

आज मी पहिले पाच किलोमीटर हुरुपाने ओढले होते आणि पळता पळता खायची साखरेच्या जेलची पुडी अठराव्या किलोमीटरपर्यंत खिशातच विसरले होते. म्हणजे ३२ चा भागाकार २२ वरच का आटोपला, याचं उत्तर वहीत आहे.

जाता जाता, ४२ नव्हे, ४२.१९५. ते वरचे १९५ मीटर मला पहिल्यापासून खटकतात. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर कॅसलपासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनासमोर संपवली, त्यातून हे अंतर आलं. १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. आमच्या कामात असा फरक सापडला तर मी आधी व्हाउचर मागते. इथे राजघराण्याची खुर्ची हेच व्हाउचर.

सोमवार, रात्र

आज पळायचं नाही. टाच : तीन. कालचं व्याज.

लेकीने विचारलं, हे सगळं सुरू कशाला केलंस? तिला वाटतं वजनासाठी. तसं नाही. ४६ व्या वर्षी पाळीचा ताळमेळ सुटला आणि पहाटे साडेतीनला टक्क जाग यायला लागली. पाच वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचं आणि ऑफिसातल्या कुठल्या फाइलमध्ये काय राहिलं ते आठवत बसायचं. दोन महिने असे गेल्यावर एका पहाटे उठून लेकीचे जुने बूट चढवले आणि बाहेर पडले. अंधार होता म्हणूनच पडले. उजेडात माझी हिंमत झाली नसती.

तीनशे पावलं पळाले असेन. मग एका झाडाला हात टेकवून उभी राहिले. पण घरी परतले तेव्हा डोक्यात एकही फाइल नव्हती.

मिनिटभर पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं करत तिसऱ्या महिन्यात न थांबता पाच किलोमीटर झाले. श्वास इतक्या लवकर वठणीवर आला की मला स्वतःबद्दल भलत्याच कल्पना सुचायला लागल्या. रोज कालच्यापेक्षा जोरात. रोज शर्यत, तीही एकटीची. चौथ्या महिन्यात एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेत खिळा घुसला.

फिजिओथेरपिस्ट बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो दुखावलाय, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, "अहो, पण मला तर आता दमसुद्धा लागत नाही." ती हसली. म्हणाली, "तीच तर भानगड आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना थोडा जास्त वेळ लागतो. पण स्नायुबंध, असले पट्टे, हाडं यांना महिने लागतात. त्यांना रक्तपुरवठाच कमी. तुमचा श्वास पुढे निघून गेलाय आणि पाय अजून जुन्याच पत्त्यावर राहतात."

मी ते माझ्या भाषेत वहीत उतरवलं : उधारी हृदयाने उचलली, वसुली टाचेकडून झाली.

पळणं पूर्ण बंद करायला तिने सांगितलं नाही, निम्मं करायला सांगितलं. शिवाय एक व्यायाम दिला. टॉवेलची गुंडाळी पायरीच्या कडेवर ठेवायची, तिच्यावर पायाची बोटं वर वळवून उभं राहायचं, टाच तीन सेकंदांत वर न्यायची, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली आणायची. एक दिवसाआड. मला पहिल्यांदा तो व्यायाम फारच किरकोळ वाटला. दहाव्या खेपेला पोटरी थरथरायला लागली तेव्हा मत बदललं. सात महिने झाले, अजून करते.

पहाटे साडेतीनची जाग अजूनही येते. पळून झोप सुधारते वगैरे ऐकलं होतं. माझी काही सुधारली नाही.

बुधवार

८ किलोमीटर, संथ. टाच : दोन.

आज जुनी वही चाळताना एका पानावर 'टाच : सहा' दिसलं आणि शेजारी लाल शाईत 'प्रिसिला वेल्च' असं नाव. हसूच आलं. आदल्या रात्री मी तिच्याबद्दल वाचलं होतं. तिशी उलटेपर्यंत सिगारेट ओढणारी ही ब्रिटिश बाई पस्तिशीच्या आसपास धावायला लागली आणि १९८७ मध्ये, ४२ व्या वर्षी, न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. त्याच वर्षी लंडनला तिने २ तास २६ मिनिटं ५१ सेकंद अशी वेळ दिली होती. हे वाचून मला रात्री झोप नाही, आणि सकाळी मी चारशे-चारशे मीटरच्या आठ धावा जीव तोडून काढल्या. टाचेला वेल्चबाई माहीत नव्हती. पुढचे तीन आठवडे पाण्यात गेले.

तरी अशा गोष्टी वाचाव्याशा वाटतात याचं कारण वेगळं आहे. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ मध्ये. मी तेव्हा शाळेत होते. त्याआधी ऑलिंपिकमध्ये बायकांना जास्तीत जास्त १५०० मीटर. म्हणजे आज मी अंग मोकळं करायला जेवढं पळते त्याच्या आसपास. माझ्या लहानपणी लांब पळणारी मोठी बाई डोळ्यांसमोर नव्हतीच. असती तरी मी तेव्हा पळाले असते असं नाही, खेळाच्या तासाला मी कायम सावली शोधायची.

गुरुवार

वजनं उचलण्याचा दिवस. मला हा दिवस मुळीच आवडत नाही. पण चाळिशीनंतर स्नायू घटत जातात आणि पाळी जाताना हाडांची घनताही उतरते, हे फिजिओने इतक्या थंडपणे सांगितलंय की टाळायची छाती होत नाही. बैठका, एका पायावरचे वाकणे, पोटऱ्या. झालं.

शनिवार, रात्र

उद्या २८. आज मुद्दाम लिहायला बसलेय, कारण उद्याचा धोका मला माहीत आहे. टाचेचा नाही, लाजेचा.

हळू पळ, असं सगळेच सांगतात. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तो खरा वेग. घड्याळातली नाडी बघून ठरवावं म्हटलं तर २२० मधून वय वजा करण्याच्या सूत्राने माझी कमाल नाडी १७२ येते, २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा केलं तर १७४, आणि चढावर धापा टाकताना मी स्वतः १८३ पाहिलेत. सूत्रं सरासरीची असतात, एकट्या माणसाला लागू पडतीलच असं नाही. त्यामुळे वाक्याची परीक्षाच बरी. मी पळताना मोठ्याने आकडेमोड करते. सतरा सक्क दुणे किती ते न अडखळता सांगता आलं तर वेग बरोबर.

हा वेग माझ्या बाबतीत किलोमीटरला ८ मिनिटं २० सेकंद. झपझप चालणारा उंच माणूस बराच वेळ शेजारून जाऊ शकतो. जातोही. आणि मला या वेगाचा त्रास नाही, हा वेग दिसण्याचा त्रास आहे. ओळखीचा चेहरा दिसला की माझी पावलं आपोआप लांब पडतात, पोट आत जातं, चेहऱ्यावर 'हे तर काहीच नाही' असा भाव येतो. तो माणूस वळणाआड गेला की मी चालायला लागते. गेल्या वर्षभरातल्या दुखापती आणि ओळखीच्यांच्या भेटी समोरासमोर मांडल्या तर ताळेबंद जुळेल अशी मला दाट शंका आहे. विशीत पळाले असते तर हळू पळण्याची लाज वाटली नसती, कारण सुधारायला वेळ आहे असं समोरच्यालाही वाटलं असतं. ४८ व्या वर्षी हळू पळणारी बाई ही पूर्ण झालेली गोष्ट दिसते.

अशा वेळी मी बिल बॉवरमनला आठवते. अमेरिकेतला नावाजलेला धावण्याचा प्रशिक्षक. १९६२ च्या अखेरीस तो न्यूझीलंडला आर्थर लिडियर्डकडे गेला. लिडियर्डचा दबदबा असा की १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी एकाच दुपारी ८०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदकं मिळवली होती. त्यातला ८०० मीटरवाला पीटर स्नेल रविवारी ३५ किलोमीटर पळायचा. जेमतेम पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीसाठी! तर ५१ वर्षांचा बॉवरमन तिथल्या हौशी लोकांबरोबर पळायला निघाला आणि थोड्याच वेळात मागे पडला. त्याला सोबत म्हणून एक सत्तरीपुढचा गृहस्थ मागे थांबला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला. तो वाटभर गप्पा मारत होता. बॉवरमनला उत्तर द्यायला श्वास उरला नव्हता.

मला त्यातला बॉवरमन जवळचा वाटतो. म्हातारा व्हायला मला अजून बराच सराव लागेल. कॅनडाचा एड व्हिटलॉक ७२ व्या वर्षी २ तास ५९ मिनिटांत मॅरेथॉन धावला, आणि सराव काय, तर घराजवळच्या स्मशानभूमीत संथ फेऱ्या, रोज तासन्‌तास. जागा त्याने हुशारीने निवडली होती. तिथे ओळखीचं कुणी भेटलं तरी बोलायला थांबत नाही.

बूट दाराशी. जेलच्या तीन पुड्या, पहिली सातव्या किलोमीटरला. गजर लावायची गरज नाही.

रविवार, दुपार

२८ किलोमीटर. ३ तास ५६ मिनिटं. टाच : एक.

पुड्या वेळेवर खाल्ल्या. पाय शेवटपर्यंत होते, चौविसाव्यानंतर जड झाले, पण रिकामे नाही. पहिले पाच मी इतके हळू काढले की मलाच कंटाळा आला.

अकराव्या किलोमीटरला समोरून आमच्या ऑफिसातले साहेब. निवृत्तीला आलेले, सकाळी फिरायला निघालेले. माझ्या चालीकडे बघून त्यांचा चेहरा काळजीने भरला. माझ्याबरोबर चालायला लागले. हो, चालायला. "काय मॅडम, पाय मुरगळला का? सोडू का घरापर्यंत?"

"नाही साहेब, पाय छान आहे, अजून सतरा किलोमीटर जायचंय म्हणून बेतानं चाललेय," मी म्हटलं. एका दमात, न अडखळता, स्वल्पविरामांसकट.

त्यांनी "सतरा?" म्हटलं, थांबले, हात हलवला. मी पुढे निघाले. छान वाटत होतं. वळण घेतलं आणि घड्याळ पाहिलं.

७ मिनिटं ३५ सेकंद.